आयर्विनला किती फूट?

गावभाग, सांगली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "बाबा, ते घर विका आणि पुण्याला या." तेव्हा मला बोलायला काही सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून आज सकाळीच लिहायला बसलोय.

तू टीव्हीवर जी सांगली बघतेस ती छपरापर्यंत बुडालेली असते. मला रोज दिसते ती निराळी. पहाटे घाटावर गेलो की आधी पायऱ्या बघायच्या, किती बुडाल्या, किती उघड्या. मग घरी येऊन चहा. आषाढ-श्रावणात भेटेल तो एकच विचारतो, "आयर्विनला किती?" तो कृष्णेवरचा पूल १९२९ सालचा. इतर वेळी सांगलीवाडीला जाण्यापुरती त्याची आठवण होते, पण पावसाळ्यात सगळ्या गावाचा जीव त्याच्या खांबावरच्या आकड्यांत असतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे दूधवाल्यालाही तोंडपाठ आहे. इथं लख्ख ऊन असलं तरी तिकडे महाबळेश्वरला, कोयनेच्या बाजूला पाऊस धरून बसला की आम्ही जिन्याखालची पोती उचलायला लागतो. आपल्याकडे पाऊस डोक्यावर पडत नाही बाळ, नदीतून चालत येतो.

२०१९ ला माझी चूक झाली. हे तुला मी आजवर कबूल केलं नव्हतं. माजघराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. मी म्हटलं, त्याच्यावर पाणी कशाला जातंय? धान्याचे डबे, तुझ्या आईची ट्रंक, सगळं त्या रेघेच्या हातभर वर फळीवर ठेवलं आणि निवांत बसलो. तुझी आई दोन दिवस सांगत होती, आपण निघू या. मी ऐकलं नाही. त्या वेळी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. गल्लीतल्या पोरांनी आम्हाला माडीच्या खिडकीतून होडीत उतरवलं. तिचा हात माझ्या हातात होता, आणि ती मला एक शब्दसुद्धा बोलली नाही. त्यावरून अजून बोललेली नाही.

पाणी ओसरल्यावर घरी आलो तर फळीवरची राजापुरी हळकुंडं भिजून फुगली होती. दिवाळीला तुला दळून द्यायची म्हणून ठेवली होती. त्या पोत्यातून पिवळा ओघळ भिंतीवरून खाली उतरला होता, पार फरशीपर्यंत. दोनदा रंग दिला. तरी उन्हाळा आला की तो डाग हळूहळू वर येतोच. तुझी आई म्हणते, राहू दे, हळदच आहे.

नदी काय नेते हे मला चांगलं ठाऊक आहे. उमेदवारीच्या दिवसांत शेठजी मला हरिपूरला पेवांवर पाठवायचे. जमिनीच्या पोटात खोल खणलेली ती पेवं. त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. पेवाचं तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. काही तास तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर पुन्हा थांबायचं. हमाल किती घाईत असले तरी हा नियम कुणी मोडत नसे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. आता सगळी हळद गोदामांत. मार्केट यार्डात सौद्याच्या दिवसांत गेलो की अजून वास येतो, पण पेवातून निघालेल्या हळदीचा वास वेगळाच होता.

तेव्हा ऐक. यापुढे ४५ ची वाट बघणार नाही. पाणी चढतंय आणि आकडा ३८ झाला की मी आणि तुझी आई कुलूप लावून विश्रामबागला आत्याकडे जाणार. औषधं, घराची कागदपत्रं आणि तुझ्या लग्नाचा अल्बम एका पिशवीत भरून दाराशी टांगून ठेवलेत. हा माझा शब्द आहे, आणि या वेळी तो तुझ्या आईच्या देखत दिलाय.

पण घर विकणार नाही. संकष्टीला तुझी आई गणपतीच्या देवळात चालत जाते, वाटेत तिला चार जणी भेटतात. मंडईतल्या मावशी कृष्णाकाठची पांढरी वांगी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. श्रावणी सोमवारी हरिपूरला संगमेश्वर. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात पहिलं नाटक उभं केलं, म्हणून त्या दिवशी मी ठेवणीतला सदरा घालतो. पुण्यात तुझं घर मोठं आहे, जावईबापू मायेचे आहेत, ते सगळं खरं. पण तिथं सकाळी उठून मी बघू काय?

दिवाळीत चिंटूला घेऊन ये. तोवर पाणी उतरलेलं असतं. त्याला घाटावर नेईन, पायऱ्या मोजायला शिकवीन. आज सकाळी अकरा उघड्या होत्या.

तुझा,
बाबा

ता. क. भडंग पाठवतोय. लसणाचं मोठं पुडकं तुमचं. लहान पुडक्यात तिखट कमी आहे, ते चिंटूचं.