पंच्याहत्तर पूर्णांक सत्तेचाळीस

पुणे, रविवार, रात्री उशिरा

मंद्या,

सहा महिने गप्प होतो. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, आईचा गुडघाही.

विषय एकच, सिल्व्हरस्वोर्ड, म्हणजे वंडरस्वान या हातात धरून खेळायच्या जपानी यंत्रावरचा तो विमान-गोळीबाराचा खेळ, जजमेंट सिल्व्हरस्वोर्ड. काँप्युटरवर ते ‘ठेचकाळतं’ असं तू म्हणालास आणि मी तुला म्हातारा म्हणालो. शब्द मागे घेतो. म्हातारा आहेसच, पण डोळे शाबूत आहेत.

हिशेब बघ. वंडरस्वानचं घड्याळ 3.072 मेगाहर्ट्झचं. पडद्याची एक ओळ 256 ठोक्यांची, ओळी 159. दिसणाऱ्या 144, बाकीच्या कोऱ्या. भागाकार केलास की सेकंदाला 75.47 फ्रेम, म्हणजे तितकी चित्रं. आपण सगळीकडे 60 धरून चालतो, तिथेच घोडं पेंड खातं. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरला दोनच वाटा. एक तर खेळ वीस टक्के हळू चालवायचा. मग गोळ्या चुकवणं सोपं आणि स्कोअर बोगस. नाहीतर दर पाच फ्रेममधली एक गाळायची. मग वेग बरोबर, पण सरकणं अडखळत. एक फ्रेम आड लुकलुकवून पारदर्शकपणाचा भास करायची जुनी युक्ती जिथे असेल, तिथे गळतीमुळे चित्र लागोपाठ दोनदा दिसतं किंवा दोनदा गायब होतं. वंडरस्वान कलरचा पडदा मुळात सुस्त, लुकलुक त्यातच विरघळायची. आताचा पडदा काही लपवत नाही.

तेव्हा आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा, 75 कर. स्वस्त मॉनिटरलाही तो बहुधा असतो, फक्त आपोआप लागत नाही. तरी वरचे 0.47 उरतातच; दर दोन सेकंदांनी एक फ्रेम गळेल, ती तुझ्यासारख्या खडूसालाच दिसेल. मॉनिटरला खेळाच्या वेगाने चालवणाऱ्या फ्रीसिंकने हेही जावं, पण 48 ते 75 हर्ट्झ पल्ल्याचा मॉनिटर घेऊ नकोस. अर्ध्या हर्ट्झसाठी गाडी चुकते! 144 हर्ट्झवाला घे.

आकाराचंही ऐक. यंत्र उभं धरून खेळायचा हा खेळ, 144 बाय 224 पिक्सेल. आडव्या 1080 च्या पडद्यावर चौपटच बसतो, वर-खाली 92-92 ओळी काळ्या. मॉनिटर उभा केलास तर सातपट, 1008 बाय 1568. अधलंमधलं ताणलंस तर काही पिक्सेल जाड, काही बारीक, आणि गोळ्या वाकड्यातिकड्या.

बटणांवरून मात्र मी हरलेलो नाही. ते यंत्र उभं धरलं की चार-चार बटणांचे दोन गट दोन अंगठ्यांखाली येतात, म्हणून पसरता मारा, सरळ मारा आणि ढाल, तिन्ही एकाच अंगठ्याला. तिरकं जायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. तो त्रास गेमपॅडवर नाही आणि मला त्याची आठवणही येत नाही. तुला येते, तो तुझा प्रश्न.

क्यूट कंपनीच्या वंडरविचवर, म्हणजे वंडरस्वानचे खेळ लिहायच्या किटवर, घरी बसून लिहिलेला खेळ 2001 ची स्पर्धा जिंकतो, 2004 मध्ये काडतूस होऊन विकला जातो, 2011 मध्ये क्यूटच्याच एस्काटोस या खेळाबरोबर एक्सबॉक्स 360 वर पुन्हा येतो, आणि आपण अजून फ्रेम मोजतोय.

टोकियोतलं, निशीकसाईचं नवं घर लागलं का? वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलास तर एक वंडरस्वान कलर बघ माझ्यासाठी. एक एए सेल खिशात ठेव, तिथेच चालू करून घे. हेडफोनचा अडॅप्टर वेगळा मिळतो, तो विसरू नकोस. आणि आतली मालकाची नोंद माझ्या नावावर बदलून पाठव. ते यंत्र मालकाचं नाव, वाढदिवस आणि रक्तगटसुद्धा लक्षात ठेवतं.

तुझा,
बाळ्या