शुक्रवारीतल्या चिमट्यासाठी मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

बडोदे

मिस्त्रीकाका, सादर नमस्कार.

‘आभारबिभार नको, करवत चालली की कळव,’ असं तुम्ही म्हणाला होतात. करवत चालली. आणि आभारही मानतेच, तेही चारचौघांत, कारण तुमच्या दुकानावरून रोज जाणाऱ्यांनाही आत कोण बसलंय याची कल्पना नसेल. मराठी तुम्हाला माझ्याइतकीच येते. मराठी वस्तीच्या दांडिया बाजारात जन्म गेलेल्या गुजराती माणसाला ती न येऊन सांगते कुणाला!

शुक्रवारीत, म्हणजे शुक्रवारच्या जुन्या बाजारात, जुन्या तोट्या, सायकलची पेडलं आणि किल्ल्या हरवलेली कुलपं यांच्या ढिगात मला तो चिमटा मिळाला. पिस्तुलासारखी मूठ, दाबली की पुढे सरकणारा बारीक दांडा, त्याच्यासमोर फिरणारी गोल चकती आणि चकतीच्या कडेला आकडे. घरी प्रत्येकाचं मत तयार. हे म्हणाले, पट्ट्याला भोकं पाडायचा पंच. पण भोक काही पडेना. सासूबाई म्हणाल्या, कंडक्टरचा. भाच्याने तर दात उपटायचा ठरवून टाकला, आणि दातांपुरता तो फारसा चुकला नव्हता.

तुम्ही मात्र नाव सांगायची घाईच केली नाहीत. रॉकेलच्या फडक्याने मूठ पुसलीत, गंजाखालून ‘एक्लिप्स’ अशी अक्षरं दिसली, तेव्हा कुठे हसलात. शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीचा माल, म्हणालात, आणि लगेच, ‘घरात हातकरवत आहे? घेऊन ये.’

सासऱ्यांची करवत आणली. तुम्ही ती डोळ्यासमोर आडवी धरून मला दाखवलीत: दात एका रेषेत, सरळ. म्हणून ती लाकडात अडकत होती. दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित बाहेर झुकलेले हवेत, म्हणजे पडणारी चीर पात्यापेक्षा थोडी रुंद होते आणि पातं मोकळं फिरतं. हा चिमटा, इंग्रजीत ‘सॉ सेट’, तेच करतो. चकतीवरचे आकडे इंचात किती दात आहेत त्यानुसार लावायचे. दात मोठे तर आकडा लहान. दांडा दाताला चकतीच्या उतारावर दाबतो आणि फक्त वरचा अर्धा भाग वाकतो. मुळातून वाकवला तर दात गेला. आधी ज्या बाजूला झुकला होता त्याच बाजूला वाकवायचा, उलट वाकवला तरी तुटायची भीती. सगळे दात आधी कानशीने एका उंचीत आणायचे, मग चिमटा, आणि धार सगळ्यात शेवटी. ओल्या लाकडाला झुकाव जास्त लागतो, सुक्या सागवानाला कमी पुरतो. आणि हल्लीच्या काळपट टोकांच्या दातांच्या करवतीला हा लावायचाच नाही. ते दात कडक केलेले असतात, वाकायच्या आधी मोडतात. त्या करवती बोथट झाल्या की फेकायच्या, म्हणूनच हे चिमटे भंगारात येतात, हे तुम्ही जरा रागानेच सांगितलंत.

तुमचे वडील कलाभवन या इथल्या तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकले, हे बोलता बोलता कळलं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेलं कलाभवन शाळेत आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तिथे नेमकं काय शिकवत असतील, ते त्या दुपारी तुमच्या बाकावर दिसलं.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिलेत. दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाने चिमटा विकत मागितला, तेव्हा माझ्याकडे न बघताच तुम्ही म्हणालात, ‘ना भाई, बेन वापरणार आहेत.’ मला तर तेव्हा करवत नीट धरताही येत नव्हती.

तुम्ही एकच बाजू करून दिलीत, दुसरी माझ्यावर सोडलीत. ती घरी केली. चीर आता सरळ जाते, फक्त मुठीकडचे काही दात कमी झुकलेत असं वाटतं. पुढच्या आठवड्यात करवत घेऊन येते. पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून सोबत तिकोनी कानस आणतेय. तुमची पार गुळगुळीत झाली आहे, ते मी पाहिलंय.

तुमची,
चिमटेवाली बेन