फलकाखालचा ढीग आधी उचला

संपादक महोदय,

गावागावांतल्या ‘ब्लॅक स्पॉट’वर, म्हणजे नेहमी कचरा टाकला जातो त्या जागी, ‘येथे कचरा टाकू नये, दंड होईल’ असा पंचायतीचा फलक असतो आणि त्याच्याच खांबाला काळ्या पिशव्या टेकलेल्या असतात. मग ग्रामसभेत जनजागृतीचा ठराव होतो. इथे निदानच चुकते. नियम लोकांना ठाऊक असतो. जर्मनीत लायपझिगच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की बाहुलीने खेळ ठरलेल्या रीतीने खेळला नाही तर तीन वर्षांचे मूलही ‘असं नाही करायचं’ म्हणून तिला अडवते.

नियम कळणे आणि पाळणे ही मेंदूची एकच क्रिया नाही. झुरिकमध्ये २०१३ साली अनोळखी माणसाशी पैसे वाटून घेण्याच्या प्रयोगात मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाला सौम्य विद्युतप्रवाह देऊन तिथली हालचाल वाढवली. शिक्षेची शक्यता होती तेव्हा लोकांनी जास्त पैसे दिले, सगळे खुशीवर सोडले तेव्हा कमी. न्याय्य वाटा किती, हे त्यांचे मत मात्र जराही हलले नाही.

माणूस जागेवर पोचल्यावर मेंदू अंदाज घेतो: इथे लोक प्रत्यक्षात काय करतात, आणि मोडले तर कोणाला खटकते? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला एका गल्लीत सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले. भिंतीवर ‘रंगवू नये’ अशी पाटी. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी कागद जमिनीवर टाकला. त्याच पाटीशेजारी भिंत रेघोट्या-अक्षरांनी रंगवलेली होती तेव्हा ६९ टक्क्यांनी. म्हणजे ढिगावरचा फलक नुसता निरुपयोगी नाही. इथे नियम मोडतात आणि काही होत नाही, याची तो ग्वाहीच देतो.

म्हणून क्रम बदलावा. आधी ढीग उचलून जागा धुवावी, फलक नंतर. पुढचे काही दिवस रोज पहाटे फेरी हवी, कारण पहिली पिशवी दुपारपर्यंत राहिली की दुसरीला परवानगी मिळते. ढिगाचे फोटो आणि ‘सगळेच टाकतात’ छापाचा मजकूर टाळावा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अश्मीभूत वनात (तिथे प्राचीन झाडांचे दगड झालेले लाकूड पडलेले असते) ‘पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेले’ अशी पाटी लावली, तेव्हा संशोधकांनी खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. नुसते ‘नेऊ नका’ म्हटले तेव्हा २ टक्क्यांहून कमी. वाड्यावरची (वस्तीतली) बहुतेक घरे ओला-सुका वेगळा करून देत असतील, तर ते लिहावे. खरे नसेल तर लिहू नये, शेजाऱ्यांना लगेच कळते.

फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरात कचऱ्याच्या गाडीचा वार आणि वेळ हवी. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना पुष्कळदा तेवढेच माहीत नसते, आणि त्यांनाच आपण बेशिस्त म्हणतो, हे अन्यायाचे आहे. दंड झाला तर तो त्या वाड्यावर कळू द्यावा, नाव न घेता.

चतुर्थीनंतर माटोळीचा, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या छताचा, ओला कचरा घराबाहेर येतो. त्याआधी प्रत्येक पंचायतीने निदान एका जागेवर हे करून पाहावे.

— सामाजिक मानसशास्त्राचा एक अध्यापक, फोंडा