लाइनमनलाही क्रीडा पानावर जागा द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलची बातमी आपल्या पेपरात सुपर बोलच्या, म्हणजे तिथल्या एनएफएल लीगच्या अंतिम सामन्याच्या वेळी येते आणि त्यात क्वार्टरबॅकचा (बॉल टाकून खेळ चालवणारा खेळाडू) फोटो, कोणी किती टचडाऊन पास (गुण मिळवून देणारे) टाकले आणि हाफटाइमला कोण गायलं एवढंच असतं. त्याबद्दल राग नाही, जागा कमी असते हे समजतं, पण त्या क्वार्टरबॅकला बॉल टाकायला जे दोन-तीन सेकंद मिळतात ते त्याच्यापुढे उभे राहून समोरच्यांना अडवणारे पाच लाइनमन मिळवून देतात, त्यांच्याबद्दल एकदा तरी छापा अशी मनापासून विनंती आहे. सुरुवात करायची असेल तर जो थॉमसपासून करा.

जो थॉमस, क्लीव्हलंड ब्राऊन्स या टीमचा लेफ्ट टॅकल, म्हणजे त्या पाच जणांतला सगळ्यात डावीकडचा, नंबर ७३. २००७ ते २०१७, अख्खं करिअर एकाच टीममध्ये. पहिल्या मॅचपासून सलग १०,३६३ स्नॅप (एक स्नॅप म्हणजे एक चाल) तो खेळला, म्हणजे टीमचा ऑफेन्स (हल्ला करणारे खेळाडू) मैदानात आहे आणि हा बाहेर बसलाय असं दहा सीझन एकदाही झालं नाही, आणि स्नॅप मोजायला लागल्यापासून एवढी मजल दुसऱ्या कोणीच मारलेली नाही. शेवटी २२ ऑक्टोबर २०१७ ला टेनेसी टायटन्सविरुद्ध डाव्या हाताचा ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) फाटला तेव्हा तो थांबला, तो कायमचाच. १६७ मॅच झाल्या होत्या.

आता हे काम काय असतं ते बघा. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर बॉल टाकताना त्याची पाठ डावीकडे असते, तिकडून येणारा माणूस त्याला दिसतच नाही, आणि समोरची टीम बऱ्याचदा आपला सगळ्यात वेगवान माणूस नेमका तिथूनच सोडते. त्याला अडवायचं लेफ्ट टॅकलने, तेही मागे सरकत. समोरचा पळत येणार पुढे तोंड करून आणि हा मात्र डावा पाय मागे टाकत, उजवा त्याच्यामागे ओढत, गुडघे वाकवून, हात छातीजवळ तयार ठेवून, आणि घाईने हात पुढे टाकला की गेलाच, कारण समोरचा तो हात झटकून बाजूने निघून जातो. थॉमस घाई करायचा नाही. त्याचे जुने व्हिडिओ बघा, बॉलकडे बघूच नका, फक्त ७३ नंबरच्या पायांकडे बघा. ताकदवान माणसं या लीगमध्ये ढीगभर आहेत, पण असे पाय फार कमी लोकांचे. विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत असताना तो गोळाफेकही करायचा, त्याचा इथे उपयोग झाला असेल असं मला वाटतं.

आणि एवढं करून नाव कधी ऐकू येतं? पकडलं म्हणून होल्डिंगचा पिवळा फ्लॅग पडतो, रेफरी माइकवरून नंबर सांगतो आणि टीम दहा यार्ड मागे जाते, तेव्हा. क्रिकेटमध्ये विकेटकीपरचं असतं तसंच, कॅच सुटला तरच चर्चा. टचडाऊन नाही, सहसा पास पकडायची परवानगी नाही, स्कोअरकार्डावर काही नाही.

मला मात्र जास्त भावतो तो माणूस. २००७ च्या ड्राफ्टला, म्हणजे टीम कॉलेजमधले खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमाला, लीगने न्यूयॉर्कला बोलावलं होतं, स्टेज, कॅमेरे सगळं, आणि हा वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडायला गेला. तिसऱ्या नंबरवर निवड झाली ती बोटीवरच कळली. त्या वर्षी पहिल्या नंबरवर निवडलेला क्वार्टरबॅक जामार्कस रसेल तीन सीझन खेळला आणि संपला.

पहिल्याच सीझनला ब्राऊन्सनी १० मॅच जिंकल्या तरी प्लेऑफ (शेवटच्या बाद फेऱ्या) हुकले, आणि त्यानंतर जे सुरू झालं ते वाचतानाही त्रास होतो. तो खेळलेल्या १६७ पैकी ४८ मॅच जिंकल्या, ११९ हरल्या. सहा हेड कोच बदलले, वीस वेगवेगळ्या क्वार्टरबॅकसाठी त्याने ब्लॉकिंग केलं. प्लेऑफची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. तरी पहिल्या दहाही सीझनमध्ये प्रो बोलला (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना) निवड, आणि मॅच हरल्यावर पत्रकारांसमोर उभं राहून शांतपणे, हसतमुखाने उत्तरं देणारा हाच. २०१५ मध्ये त्याला डेन्व्हरच्या टीमकडे पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं, शेवटच्या क्षणी फिस्कटलं, आणि त्याच सीझनला डेन्व्हरने सुपर बोल जिंकला. दुसरा कोणी असता तर जन्मभर तेच उगाळत बसला असता. हा पुढच्या सीझनला परत क्लीव्हलंडच्या लाइनवर, टीम १६ पैकी एक मॅच जिंकली, आणि हा प्रत्येक स्नॅपला हजर. काही लोक म्हणतात हरणाऱ्या टीममध्ये राहण्यात कसला मोठेपणा, चांगला पगार होता म्हणून राहिला. पगार होताच, पण पैसा दुसरीकडेही मिळाला असता आणि वर जिंकायलाही मिळालं असतं, त्यामुळे मला हे पटत नाही.

शरीराने किंमत मोजली हेही लिहायला हवं. १४० किलोच्या आसपास वजन टिकवायला भूक नसताना खात राहावं लागायचं, गुडघे दुखायचे. आपल्याला आत्ताच विसरायला होतंय हे तर त्याने खेळत असतानाच उघडपणे सांगितलं होतं. मार्च २०१८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने पोहून आणि खाण्यावर ताबा ठेवून वीस किलोहून जास्त वजन उतरवलं, आता फोटोत पटकन ओळखूही येत नाही.

२०२३ मध्ये, पात्र झाल्या झाल्या पहिल्याच वर्षी, त्याला कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान फुटबॉलपटूंच्या सन्मान दालनात, घेतलं. जिंकलेली एकही प्लेऑफ मॅच नावावर नसताना! ही बातमी मला मराठीत कुठे वाचायला मिळाली नाही आणि त्याचं वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

पुढच्या सुपर बोलला क्वार्टरबॅकचा फोटो जरूर छापा, पण खाली त्याच्या पाच लाइनमनची नावंही द्या, डावीकडून उजवीकडे, टॅकल, गार्ड, सेंटर, गार्ड, टॅकल. दोन ओळी पुरतील.

आपला,
एक नियमित वाचक