खोलीचं डिपॉझिट भरलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

नव्या खोलीचं डिपॉझिट मी भरून टाकलं. आधी विचारलं असतं तर आई 'बघू पुढच्या वर्षी' म्हणाली असती, आणि ते पुढचं वर्ष मी दहावीत असल्यापासून ऐकतेय. रागवा, पण पत्र पुरतं वाचून.

आई, दिवेलागण झाली की तू पाण्याला तोंड लावत नाहीस. रात्री टमरेल घेऊन त्या अंधारात जावं लागू नये म्हणून. आपण दोघी यावर कधी बोललो नाही, पण तुझं बघून मीही तेच शिकले. यंदा तिसऱ्यांदा लघवीची जळजळ झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी किती पिता? तू म्हणालीस, 'भरपूर.' मी शेजारी गप्प बसले, ते अजून डाचतंय. पाणी कमी प्यायचं, वर तासन्‌तास धरून ठेवायचं, मग जंतूंचं फावतंच. गोळ्या संपतात, दुखणं परत हजर.

बाबा, तुम्हाला उकिडवं बसवत नाही, त्या ओल्या भिंतीला धरून उठता. इथे कमोड आहे, बाजूला धरायला दांडी बसवून घेतलीय. कडी आतून नीट लागते. मी दहादा लावून पाहिली, हसू नका. पलंगापासून अकरा पावलं. लहानपणी तुम्ही बॅटरी घेऊन बाहेर थांबायचात, मी आतून सारखी 'बाबा, आहात ना?' आणि तुम्ही नुसतं खोकायचात. तेवढ्यानं भीती जायची.

'इतकी वर्षं काढली, काय झालं?' असं म्हणू नका. धाकट्याचा विषय मी काढत नाही. पण आई, तुझं काही चुकलं नव्हतं. आपली नळाची पाइप गटारातून यायची. पाणी गेलं की रिकाम्या पाइपात चिरेतून घाण ओढली जाते. तू हात कितीही धुतलेस तरी काय होणार होतं? आणि वस्तीतल्या पोरांच्या खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणतात, तेही त्यातलंच. सारख्या जुलाबांनी आतडीच थकतात.

काकूंना सोडून जायचं जिवावर येतंय, मलाही. आपण निघालो तरी संडासाची रांग तिथेच राहणार. 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. रांगेत सांगायला मात्र कुणी आलं नाही. काकूंच्या नातीला जुलाब झाले तर 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोटघोट पाजायचं. चमचा लहानच हवा, मीठ जास्त नको. तरी थांबले नाहीत तर दवाखाना. हे त्यांना लिहून दे.

रविवारी टेम्पो येईल. बाबांनी काही उचलायचं नाही. आई, आजपासून रात्रीही पाणी प्यायचं, मी फोन करून विचारणार. आणि ते टमरेल आणू नकोस.

बरं, आण.

तुमची,
बबी