टाकीतलं कथील

कोल्हापूर,
२२ जून

प्रिय बंड्या,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी की तुझं ऑपरेशन होऊन चार महिने झाले आणि मी फोन केला एकदाच, तोही तू झोपलेला असताना. वहिनी म्हणाल्या, "उठले की सांगते," आणि मी सुटलो. शिव्या द्यायच्या असतील तर आत्ताच देऊन घे, पुढे आणखी लागणार आहेत. माझी शुगर आहे तशी. सुलभाचा गुडघा आहे तसा. अण्णा चौऱ्याऐंशीचे झाले. ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं.

फोनच करणार होतो. पण आमच्या घरात फोनवर बोललेलं चौघं ऐकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर तू ते तीन ग्रुपवर फिरवणार. म्हणून दुकानात काउंटरमागे बसून कागदावर लिहितोय. वाचून फाडून टाक.

बंड्या, वाघबिळाचं कथील वितळलं.

तुला एवढं वाक्य पुरे आहे, माहीत आहे मला. तरी सगळं सांगतो, नाहीतर मला झोप लागणार नाही.

आमच्या अभीनं अण्णांची येझदी फटफटी काढली. बारा-तेरा वर्षं गोठ्यात पोत्याखाली पडून होती ना, तीच. इंजिन त्यानं स्वतः उतरवलं. क्रँकची सीलं बदलली, पिस्टनच्या रिंगा कुठून कुठून शोधून आणल्या. १९९६ ला म्हैसूरचा कारखाना बंद पडला तरी पार्ट मिळतात रे अजून, वेडे लोक आहेत सगळीकडे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो, गावोगावी गाड्या काढतात. त्या दिवशी अण्णांना मागं बसवून रंकाळ्याला फेरी मारायची, असं पोराच्या डोक्यात. अण्णांनी तेव्हापासून दाढी रोज करायला सुरुवात केली आहे.

तर चासी, स्विंगआर्म, स्टँड, चेनकव्हर, मडगार्ड सगळं पावडर कोटिंगला द्यायचं ठरलं. शिरोलीला एका पोरानं दोन वर्षांपूर्वी शेड घेऊन ओव्हन टाकलाय. नाव लिहीत नाही. पोरगं अभीच्याच वयाचं. मी पहिल्या दिवशी बरोबर गेलो होतो आणि खरं सांगतो, त्याचं काम बघून बरं वाटलं. आधी जुना रंग काढायचा, मग एकामागून एक सात टाक्या. तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, मधे मधे पाण्यात बुचकळणं. आपल्या आज्ज्यांच्या सोवळ्यासारखं. मग पार्ट हुकाला टांगायचा, हुकाला अर्थिंग, आणि गनमधून पावडर. त्या पावडरीला विजेचा भार असतो म्हणून ती पार्टला जाऊन चिकटते, पाठीमागच्या बाजूलासुद्धा वळून बसते. नुसती बसते हां, बोट लावलं की निघते. मग २०० अंशाच्या ओव्हनमध्ये गेली की वितळून, पसरून, भाजून घट्ट. थर किती, तर साठ-सत्तर मायक्रॉन. दगड लागला तरी टवका उडत नाही लवकर.

आणि पोरगं बारकाईचं. बेअरिंग बसते तिथे टेप, आट्यांमध्ये रबरी बुचं. चासी नंबरवर वेगळी टेप. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाला, "काका, नंबरात कोटिंग भरलं की आरटीओत पेन्सिलीचा प्रिंट येत नाही, मग माणूस हेलपाटे घालतो." अशा माणसाला मी काय केलं ते आता ऐक.

पेट्रोलची टाकी त्यानं घ्यायला नको म्हटलं होतं. "टाकीला जुन्या गाड्यांत लांबी भरलेली असते, कथलाचा डाग दिलेला असतो, ओव्हनमध्ये टिकत नाही. टाकी पेंटरकडं द्या, पीयू रंग मारतील." पण अभी हट्टाला पेटलेला. सगळं एकसारखं पाहिजे. शिवाय पावसाळ्यात पेंटर हात लावायला तयार नाही, दमट हवेत रंगावर पांढरट मळभ येतं म्हणून. शेवटी घेतली त्यानं. आठ दिवस धुऊन धुऊन उन्हात ठेवली, आत पेट्रोलचा वास राहिला तर ओव्हन म्हणजे बॉम्ब.

रंग काढल्यावर त्याला डाव्या अंगाला हाताच्या पंजाएवढा भाग वेगळा दिसला. चकचकीत, पांढुरका. त्यानं काम थांबवून अभीला फोन केला. अभीनं मला केला. मी अण्णांच्या कॉटवर बसलेलो, त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होतो, म्हणून फोन स्पीकरवर. "पप्पा, टाकीला कधी काम केलंय का? डाग वगैरे?"

अण्णांनी मान वर केली. त्यांना हेच बरोबर ऐकू आलं.

मी म्हणालो, "छे, ओरिजिनल आहे. अण्णांनी कुणाला हात लावू दिलाय का कधी?"

अण्णा समाधानानं आडवे झाले.

पुढचं तू ओळखलंस. कथील-शिसं १८३ अंशाला पाघळायला लागतं आणि ओव्हन २०० वर. दार उघडलं तेव्हा खाली चांदीच्या रंगाचं थारोळं, आणि टाकीला तोच खड्डा, तीच चीर. बंड्या, मी बघितला तो खड्डा. अडतीस वर्षांनी. मैलाच्या दगडाचा कोपरा जसाच्या तसा उमटलेला आहे. मला एकदम केर्लीपर्यंत गाडी ढकलतानाचा तुझा आवाज ऐकू आला, "विज्या, पेट्रोल गळतंय, बिडी पेटवू नको." बिडी तूच पेटवणार होतास, पण ते जाऊ दे.

(म्हैस होती. तू काहीही म्हण, म्हैस होती. मी मागे वळून कुणालाही बघत नव्हतो.)

आपल्या पत्रेवाल्या चाचांनी काम मात्र काय केलं होतं! पापाच्या तिकटीमागचा तो बोळ, नवसागराचा धूर, तू खोकतोयस आणि चाचा म्हणतायत, "बेटा, ही टाकी आता तुमच्या पोराच्या लग्नापर्यंत जाईल." गेली की रे जवळजवळ! अभीचं ठरवतोच आहोत. चाचांना काय माहीत, टाकीला कधी कुणी भट्टीत घालेल म्हणून. तो पोरगाच सांगत होता, पितळेचं ब्रेझिंग असतं तर २०० अंशाला केसही वाकडा झाला नसता. पण ब्रेझिंगचे पैसे आपल्याकडे कुठे होते? माझं घड्याळ विकूनच ते झालं.

आता मुख्य. अभी तिथे जाऊन भांडला. "तापमान जास्त ठेवलं, टाकी जाळली, आजोबांची शेवटची इच्छा" वगैरे. आजोबा ठणठणीत आहेत, पण भांडणात माणूस काहीही बोलतो. तो पोरगा सांगत होता की आत डाग होता, मी विचारलं होतं. अभी म्हणाला, "माझे पप्पा खोटं बोलतात काय?"

मी शेजारी उभा होतो, बंड्या.

त्यानं टाकीचे पैसे परत दिले. वर म्हणाला दुसरी टाकी शोधून देतो. अभीनं त्यांच्या येझदीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं की तिकडे जाऊ नका. साठेक जण आहेत त्यात. दोघांनी आपल्या चाश्या परत नेल्या, तेही कोटिंग न करता. ओव्हनचं कर्ज असेल त्याच्यावर. मी विचारलं नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तेही दुसऱ्यांदा. बारक्या आठवतोय ना तुला? तुला आठवतोच, तूच दोन महिने माझ्याशी बोलला नव्हतास. अण्णांना रंगातला फरक दिसला, गाडी आदल्याच आठवड्यात पांडू मेस्त्रीकडे सर्व्हिसिंगला जाऊन आलेली, आणि मेस्त्रीनं कुणाला धरलं? पान्हे पुसणाऱ्या पोराला. कानफटात दिली आणि हाकलला. तू म्हणालास, चल, अण्णांना सांगू. मी म्हणालो, अण्णा मला घराबाहेर काढतील. शाहू मिलच्या पगारातून पैसा पैसा साठवून घेतलेली गाडी, अण्णा ती स्वतः फडक्यानं पुसायचे, आईलाही हात लावू देत नसत. तू म्हणालास, तू भित्रा आहेस. मी म्हणालो, तुझा बाप शांत आहे म्हणून तुला बोलायला काय जातंय. ते मी बोलायला नको होतं. खासबागेत कुस्तीला समोरासमोर आलो नसतो तर अजून बोललो नसतो आपण. तू नंतर एकदा म्हणाला होतास की बारक्या इचलकरंजीला मागावर लागला. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. तुझ्याकडे काही कळलं असेल तर लिही. नसलं तरी लिही.

गुरुवारी मी एकटाच शिरोलीला गेलो. बाकीचे पार्ट तयार झाले होते, ते आणायचं निमित्त. मनाशी ठरवून गेलो होतो की सांगायचं. चासी बघितली आणि बोलतीच बंद. काळी कुळकुळीत, जोडाच्या कोपऱ्यांतसुद्धा रंग पोचलेला. तिथे पावडर सहजी शिरत नाही, त्यानं हातानं वेगळं मारून पोचवलेली. चासी नंबर स्वच्छ, एक एक आकडा वाचता येतो. पैसे ठरल्याप्रमाणे घेतले, एक रुपया जास्त नाही. मग ड्रॉवरमधून कागदाची पुडी काढली. "काका, हे तुमचं. गोळा करून ठेवलं होतं. अडीचशे ग्रॅम भरलं."

कथलाचा गोळा. थंड झाल्यावर ओव्हनच्या जाळीची नक्षी उठलेली त्याच्यावर.

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "मी फोन केला होता ना, काका," एवढंच म्हणाला. मी "हो" म्हणालो, आणि टेम्पोवाला हॉर्न मारत होता म्हणून निघालो. टेम्पोवाला हॉर्न मारत नव्हता. मी तुलाही खोटं सांगायला लागलो बघ.

पुडी इथे गल्ल्यात ठेवली आहे. गिऱ्हाइकाला सुटे देताना हाताला लागते.

तू म्हणशील, छप्पन्न वर्षांचा घोडा झालास, सांगून टाक, बाप काय मारणार आहे आता? मारणार नाहीत. तीच तर पंचाईत आहे. तेव्हा मारलं असतं तर फिटलं असतं. आता ते गप्प बसतील आणि रोज दाढी करायची थांबवतील. आणि अभीनं साठ माणसांसमोर बापाची हमी घेतली आहे. त्याला काय सांगू, की तुझा बाप अठराव्या वर्षी जे करत होता तेच छप्पन्नाव्या वर्षी करतो?

पण सांगणार आहे. हे पत्र टाकलं की आधी अभीला, मग त्याला घेऊन शिरोलीला. ग्रुपवर त्यानंच लिहायचं, माझ्या नावानिशी. टाकीचे परत घेतलेले पैसे मी पाकिटात घालून ठेवलेत, वर ब्रेझिंगचे. अण्णांचं मात्र जमत नाही, तिथे तू लागतोस. लहानपणापासून तू सांगितलेलं त्यांना पटतं. मी सांगितलेलं ते तपासून बघतात, आणि बरोबरच करतात.

मंजूचं ठरलं ऐकलं, फार आनंद झाला. मुलगा कुठला, काय करतो, सविस्तर कळव. नवीन फ्लॅटला लिफ्ट आहे ना? तुला जिने नकोत. गोळ्या वेळेवर घे. वहिनींना नमस्कार.

जुलैचा दुसरा रविवार लक्षात ठेव. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले असतील तर शनिवारीच ये, रात्री तांबडा-पांढरा (तुला पांढराच मिळेल). रविवारी सकाळी अण्णा चहा घेताना तू विषय काढ. वाघबीळ, केर्ली, चाचा, बारक्या, सगळं सांग. मी समोर बसतो, पळणार नाही. फक्त एक कर, म्हैस होती म्हण.

तुझा,
विज्या

ता. क. टाकी ब्रेझिंग करून पुन्हा त्याच पोराकडे द्यायची आहे, त्यानं घेतली तर. पण रंगाचा घोळ आहे. शेडकार्डावर वाइन रेड आहे, ३००५ नंबर, तो अण्णांच्या मरूनपेक्षा उजळ वाटतो. आणि पावडरीत तुझ्यासारखं डब्यात काडी घालून ढवळता येत नाही. लाल आणि काळी एकत्र केली तर तिसरा रंग होत नाही, तिखटामिठासारखे ठिपके दिसतात. कंपनीकडूनच जमवून मागवावा लागतो, त्यासाठी नमुना पाहिजे. तू त्या रात्री ड्यूको रंगात काळा किती टाकला होतास? तेव्हा म्हणाला होतास, चहाचे दोन चमचे. चमचे कसले, सपाट की भरून?