सिग्नलला थांबलात, तर नंबर गेला!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हौशी सायकलिंगवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडला. फेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमुळे माणसं पहाटे अंथरूण सोडतात, अनोळखी रस्त्यांवर न चुकता लांब फेऱ्या मारतात, महिनाअखेरीस किलोमीटरची बेरीज पाहून खूश होतात, हे सगळं खरं. मीही नेमाने सायकल चालवतो आणि अ‍ॅप माझ्याही फोनमध्ये आहे. पण त्यातली एक सोय शहराच्या रस्त्यावर घातक ठरते, आणि तिच्याबद्दल लेखात अवाक्षरही नव्हतं. ती म्हणजे ‘सेगमेंट’.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्ट्राव्हासारख्या अ‍ॅपवर वापरकर्ते रस्त्याचा एखादा तुकडा निवडून त्याला नाव देऊ शकतात. मग तिथून जाणाऱ्यांची वेळ आपोआप नोंदली जाते आणि क्रमवारीचा तक्ता लागतो. पहिल्या नंबराला मुकुट! निर्जन चढावर यात मजा आहे, नाही कशाला म्हणू? पण तसाच तुकडा शाळेच्या फाटकासमोरून, भर बाजारातून, दोन-दोन सिग्नल पोटात घेऊनही आखता येतो.

खरी गोम वेळेच्या हिशेबात आहे. पूर्ण फेरीचा सरासरी वेग काढताना अ‍ॅप थांबलेला वेळ वगळतं. सेगमेंटची वेळ मात्र तुकड्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सलग मोजली जाते. लाल दिव्याला चाळीस सेकंद थांबलात, तर ते चाळीस सेकंद तुमच्याच नावावर पडतात. म्हणजे नियम पाळणारा तक्त्यात खाली आणि सिग्नल तोडणारा वर. रस्ता ओलांडणाऱ्या आजींसाठी ब्रेक दाबला, तरी नंबर घसरतो. कुणी हे मुद्दाम ठरवलं असेल असं मी म्हणत नाही, पण शाबासकी कुणाला मिळते ते बघा.

बरं, ज्या एका सेकंदासाठी ही जिवाची बाजी लावायची, तो तरी खरा असतो का? मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साध्या फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्यामुळे ५ मीटरच्या चुकीत अर्धा सेकंद गेला, आणि अशी चूक सुरुवातीला होऊ शकते तशी शेवटालाही. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात. तिथे नकाशावरची रेघ चक्क घरांमधून जाताना दिसते. तीनशे मीटरच्या तुकड्यावर सेकंदाने जिंकलेल्यांनी आपली रेघ एकदा मोठी करून पाहावी.

ही भीती काल्पनिक नाही. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे स्ट्राव्हावरचा आपला गेलेला विक्रम परत मिळवण्यासाठी उतारावर सुसाट निघालेला एक सायकलस्वार अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाने २०१२ साली स्ट्राव्हावर दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो फेटाळला. सायकलस्वाराने धोका स्वतःहून पत्करला होता, असा त्यामागचा विचार. सायकलस्वारापुरतं ते मान्य. पण फुटपाथवरून उतरणाऱ्या पादचाऱ्याने कुठला धोका पत्करला होता? त्याला तर आपण एखाद्याच्या शर्यतीच्या मैदानात उभे आहोत, याचा पत्ताही नसतो.

उपाय अवघड नाही. धोकादायक सेगमेंटवर तशी खूण करण्याची सोय स्ट्राव्हावर आहे. खूण केली की तिथला तक्ता दिसेनासा होतो. पण ती करायची कुणी? ज्याच्या डोक्यावर मुकुट आहे, तो थोडाच करणार! म्हणून हे काम अ‍ॅपवाल्यांनीच करावं. सिग्नल आणि शाळा कुठे आहेत हे नकाशांवर असतंच. तिथून जाणाऱ्या तुकड्यांचे तक्ते सुरुवातीपासूनच बंद ठेवावेत. तोवर सायकलिंग ग्रुप चालवणाऱ्यांनी निदान आपल्या नेहमीच्या मार्गावरचे सेगमेंट तपासून गजबजलेल्या ठिकाणी खूण करावी. आणि ज्यांना तक्त्याचा मोह आवरत नाही, त्यांनी आपली फेरी फक्त ओळखीच्यांना दिसेल अशी ठेवली, तरी ती सार्वजनिक क्रमवारीत येत नाही. सेटिंगमध्ये एक टिचकी मारायची, बाकी काही नाही.

आपला,
एक सायकलस्वार वाचक